नवे-जुने

अलीकडेच अमरावतीला घरचेच एक लग्न होते. अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि दुपारी कूलरसमोर खुर्च्या ओढून मंडळी बसली, तेव्हा विषय निघायचा तोच निघाला. माझे व्याही पुण्याचे, एका कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. माझा चुलतभाऊ यवतमाळ जिल्ह्यातला, सात एकर कोरडवाहूचा मालक. व्याही म्हणाले, "पस्तीस वर्षे पगारातून कर कापून घेतला. घराचा एक हप्ता चुकवला नाही. आम्हांला कुणी माफी दिली?" चुलतभाऊ म्हणाला, "तुमचा पगार पावसावर ठरत होता का?" मग उद्योगपतींची कर्जे निघाली, आमदारांची पेन्शन निघाली, हमीभाव निघाला. आवाज चढू लागले तसे व्याही माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, तुम्ही बँकेत होता. तुम्हीच सांगा, कर्जमाफी बरोबर की चूक?"

"चहा आला का बघतो," म्हणून मी उठलो.

व्याह्यांशी वाद घालू नये अशी आपल्याकडे रीत आहे, हे एक कारण झाले. पण रीतीच्या आड मी लपलो होतो, हेही खरे. या प्रश्नाचे उत्तर देताना मला दरवेळी एक माणूस आठवतो, आणि त्या माणसाच्या गोष्टीत माझा भाग फारसा अभिमानाचा नाही.

साल २००७. विदर्भातल्या एका मोठ्या खेड्यात मी शाखाधिकारी होतो. कापसाचा मुलूख. मे महिना आला की शाखेत एक वार्षिक सोहळा चाले, त्याला बँकेतल्या बोलीत 'नवे-जुने' म्हणतात. ज्यांचा बँकेशी संबंध फक्त पासबुकापुरता येतो, त्यांच्यासाठी तो जरा सविस्तर सांगतो. कारण वर्तमानपत्रांत कर्जमाफीवर जे रकानेच्या रकाने छापून येतात, त्यांत हा शब्द क्वचितच असतो.

चार एकरांचा एक शेतकरी. आदल्या खरिपात त्याने २५,००० रुपये पीककर्ज घेतलेले. सात टक्क्यांनी व्याज धरून मे महिन्यात येणे झाले २६,७५० रुपये. कापूस विकून आलेला पैसा कृषी केंद्राची उधारी, मुलीची सोयरीक आणि एका आजारपणात गेलेला. हातात काही नाही. कर्ज थकले तर पेरणीला नवे कर्ज मिळणार नाही, आणि इकडे माझ्या शाखेची वसुली घसरणार. मग मी, म्हणजे शाखाधिकारीच, त्याला सुचवतो, "दोन-तीन दिवसांपुरते कुठून तरी उभे करा. खाते भरा. मी लगेच तीस हजारांचे नवे करून देतो." तो गावातल्या सावकाराकडे जातो. शेकडा दोन रुपये, मुदत तीन दिवस. सोमवारी खाते निरंक होते, गुरुवारी नवे कर्ज मंजूर होते. तीस हजारांतून सावकाराचे २६,७५० आणि वर ५३५ रुपये व्याज परत गेले की त्याच्या हातात उरतात २,७१५ रुपये. बीटी कापसाचे पाकीट तेव्हा साडेसातशे रुपयांच्या आसपास होते. चार एकरांना चार पाकिटे, तीन हजार रुपये. म्हणजे बँकेच्या दप्तरी तीस हजारांचे पीककर्ज वाटले गेले, आणि त्यात बियाणेसुद्धा बसले नाही.

माझ्या अहवालात मात्र दोन्ही रकाने शोभून दिसले. वसुली उत्तम, वाटपात वाढ. विभागीय बैठकीत माझ्या शाखेचे नाव घेतले गेले. चहाबरोबर काजू होते, एवढे अजून आठवते.

हा माणूस आधी तयार नव्हता. "साहेब, या साली राहू द्या थकीत. पुढच्या साली पाहू," असे त्याने दोनदा म्हटले होते. मीच त्याला पतीचे महत्त्व समजावून सांगितले. मी वाईट हेतूने बोललो नाही. थकबाकीदाराला कुणी दारात उभे करत नाही, हे मला ठाऊक होते. त्याने ऐकले.

पुढे २९ फेब्रुवारी २००८ रोजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी अर्थसंकल्पात साठ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. नियम असा की, कर्ज ३१ मार्च २००७ पर्यंत वाटलेले असावे, ३१ डिसेंबर २००७ रोजी थकलेले असावे आणि २९ फेब्रुवारी २००८ पर्यंत न भरलेले असावे. दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी. त्याचे चार एकर त्यात सहज बसत होते. पण त्याचे जुने कर्ज मे २००७ मध्ये फिटले होते, आणि नव्याची तारीख ३१ मार्चच्या पुढची. फिटले कसे, हे नियमाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

जूनमध्ये शाखेच्या फलकावर याद्या लागल्या. तो आला, बोट ठेवून यादी वरपासून खालपर्यंत वाचली, मग पुन्हा वरून सुरू केली. त्याचा बांधाशेजारी, ज्याने माझे व्याख्यान ऐकले नव्हते, यादीत होता. हा माझ्या टेबलाशी आला. मला वाटले, आता चार शब्द ऐकावे लागणार. तो एवढेच म्हणाला, "साहेब, मी भरलं म्हनून माहं नाव नाही. बरोबर नं?" मी म्हणालो, "हो." तो गेला. त्या वर्षीच्या मे महिन्यात नवे-जुने करायला मोजकीच माणसे आली होती, हे सांगायला नकोच.

अर्थतज्ज्ञ म्हणतात, कर्जमाफीने पतशिस्त बिघडते. बिघडते, मी ती डोळ्यांदेखत बिघडताना पाहिली आहे. पण ती बिघडली कशामुळे? कर्ज माफ झाल्यामुळे जेवढी, त्याहून अधिक ते कुणाचे माफ झाले यामुळे. आणि मुळात जिला शिस्त म्हणून आम्ही मिरवत होतो, ती सावकाराच्या तीन दिवसांच्या पैशांवर उभी होती.

ही एकट्या २००८ची गोष्ट असती तर गोष्ट म्हणून सोडून दिली असती. पण १९९० साली विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतची माफी दिली, तेव्हा मी नवखा अधिकारी होतो, याद्या हाताने लिहीत होतो. चाळणी तीच होती, अमुक तारखेला थकलेला तो पात्र. जून २०१७ मध्ये पुणतांब्यापासून शेतकरी संप सुरू झाला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने ३४,०२२ कोटींची योजना जाहीर केली. दीड लाखांपर्यंत माफी. पण पुन्हा थकबाकीच्या तारखा, वर नवरा-बायकोने जोडीने अर्ज भरायचा, आधार, अंगठे, केंद्रांपुढे रांगा. जाहीर रकमेहून प्रत्यक्षात वाटप बरेच कमी झाले. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा फुल्यांच्या नावाची योजना आली, ती तुलनेने सुटसुटीत होती. ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकलेले दोन लाखांपर्यंतचे कर्ज गेले. ज्याचे दोन लाखांहून थोडे अधिक होते, तो मात्र आख्खा बाहेर. नियमित भरणाऱ्यांना २०१७ मध्ये पंचवीस हजारांपर्यंत आणि पुढच्या योजनेत पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन ठरले. हे पन्नास हजार खात्यांत पडायला २०२२ उजाडले.

थकबाकी हीच चाळणी सरकारला का आवडते, हे बँकेत राहिलेल्या माणसाला चांगले कळते. ती संगणकातून एका कळीसरशी निघते. माणसाचे हाल तसे निघत नाहीत. बरे, जो मक्त्याने किंवा बटाईने जमीन करतो, त्याच्या नावावर सातबारा नाही, म्हणून पीककर्ज नाही, म्हणून थकबाकीही नाही. नवऱ्यामागे शेत ओढणारी बाई, जिच्या नावावर जमीन चढलेली नाही, तिचेही तेच. आणि एवढे करून चाळणी तरी नीट चालते का? २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांनी २००८च्या योजनेचा अहवाल दिला. तपासलेल्या ९०,५७६ खात्यांपैकी २२ टक्क्यांहून अधिक खात्यांत चुका सापडल्या. लाभ न मिळालेली ९,३३४ खाती पाहिली, तर त्यांतली १,२५७ पात्र असूनही वगळलेली. काही ठिकाणी दप्तरात खाडाखोड होती. ही दप्तरे आमच्याच बँकबंधूंनी लिहिलेली.

आपल्याच मातीतले एक जुने उदाहरण इथे आठवते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले रोखे काढून जाळले. तो उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. इंग्रज सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात एक तरतूद होती: न्यायाधीशाने रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता त्या कर्जाचा मुळापासूनचा इतिहास तपासावा, मुद्दल किती, व्याज किती, जुन्या रोख्याचा नवा रोखा किती वेळा झाला. सावकारही नवे-जुनेच करीत होते! परक्या सरकारला कर्जाचा इतिहास विचारावासा वाटला, आणि आमच्या योजना अजून तारखेवरच अडकल्या आहेत. (त्या कायद्याने सावकारी संपली, असे मात्र कुणी समजू नये.)

व्याह्यांच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. कर्जमाफीचा पैसा शेवटी तिजोरीतूनच जातो, आणि तिजोरीला ओढ लागली की अपुरे कालवे आणखी अपुरे राहतात. त्यांचा संताप काही कंजूषपणाचा नाही. उद्योगपतींच्या कर्जांचा दाखला चुलतभावाने दिला, त्यात मात्र दोघांचीही गल्लत होती. 'निर्लेखन' म्हणजे माफी नव्हे. कर्ज ताळेबंदातून काढतात, वसुलीचा हक्क राहतो. हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा उच्चारले आहे. पण ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत दिलेली माहिती पाहा. २०१४-१५पासूनच्या नऊ वर्षांत बँकांनी साडेचौदा लाख कोटींहून अधिक कर्जे निर्लेखित केली, त्यांतली निम्म्याहून अधिक मोठ्या उद्योग आणि सेवा क्षेत्रांतली. आणि निर्लेखित कर्जांतून वसूल झाले दोन लाख कोटींच्या थोडे वर. तेव्हा माझे ते वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध होते, एवढेच म्हणता येईल. फरक असा की, निर्लेखितांची यादी गावच्या फलकावर लागत नाही.

सध्याच्या वादात मला सर्वांत घातक वाटते ती वेगळीच गोष्ट. २०२४च्या निवडणुकीत कर्जमाफीचे आश्वासन दिले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात मोठे आंदोलन झाले, तेव्हा सरकारने निर्णयासाठी ३० जून २०२६ ही तारीख दिली. राजकारणात तारीख देणे म्हणजे वेळ मारून नेणे. गावात तिचा अर्थ वेगळा होतो: तोवर भरू नका. न भरणारा थकबाकीदार होतो, त्याचे नवे पीककर्ज अडते, चार टक्क्यांत किंवा राज्याच्या व्याज सवलतीमुळे बिनव्याजी पडणारा पैसा हातचा जातो आणि तो पेरणीसाठी सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो. सावकाराकडचे कर्ज कुठल्या यादीत येणार? त्यात बाजाराची तऱ्हा अशी की, २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर होता आणि बाजार समित्यांत त्याहून कितीतरी खाली सौदे होत होते. एकीकडे भाव नाही, दुसरीकडे माफीची आशा दाखवून पत गोठवलेली.

यावर माझ्याकडे मोठी योजना नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्याकडे ती मागूही नये. एक कारकुनी सूचना आहे. पीककर्जाच्या प्रत्येक खात्यात जुने कर्ज कोणत्या दिवशी फिटले आणि नवे कोणत्या दिवशी निघाले, हे संगणकात आहेच. या दोन दिवसांत आठवड्याचेही अंतर नाही, अशी खाती किती, हे प्रत्येक बँकेने दरवर्षी जिल्हावार छापावे. एका कळीसरशी हेही निघेल. सलग तीन वर्षे असे करणारा शेतकरी भरणारा नाही, बुडत असलेला आहे, असे धरावे आणि पुढच्या कोणत्याही योजनेत त्याला थकबाकीदाराच्या रांगेत उभे करावे. त्याने वसुलीचे आकडे झपकन खाली येतील, काही शाखाधिकाऱ्यांचे काजू जातील.

लग्नाहून परतल्यावर मी चुलतभावाला फोन केला. इतकी वर्षे नात्यात असून कधी विचारले नव्हते ते विचारले, "तू कर्ज नियमित भरतोस, ते कसे?"

तो हसला. "दादा, तू बँकेत होता नं? नवं-जुनं करतो."

"सावकार काय घेतो?"

"शेकडा तीन. चार दिवसांचे." मग जरा थांबून म्हणाला, "या साली करू का राहू देऊ? तूच सांग."