राज्यकर्त्याची मूठ आणि राज्यकर्त्याचे कर्तव्य

१९९७ साली आलेला 'एअर फोर्स वन' हा हॉलिवूडचा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. अतिरेकी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे विमान ताब्यात घेतात आणि हॅरिसन फोर्ड यांनी रंगविलेला राष्ट्राध्यक्ष सुटकेची संधी नाकारून त्यांना स्वतःच्या हातांनी लोळवितो. २००१च्या 'नायक'मध्ये तर आपल्या महाराष्ट्राचाच मुख्यमंत्री गुंडांना बदडतो. असे चित्रपट रंजक असतात, हे मान्य. परंतु त्यांतून राज्यकर्त्याची जी प्रतिमा तरुण मनावर ठसते ती खोटी आहे आणि घातकही आहे.

पहिल्या चित्रपटाचे कथानकच तपासून पाहा. अतिरेक्यांशी वाटाघाटी करणार नाही, अशी घोषणा करणाऱ्या या राष्ट्राध्यक्षाच्या विमानात सहकाऱ्यांचे बळी जातात. तेव्हा तो नमत नाही. पत्नी आणि कन्या यांच्या जिवावर बेतते तेव्हा मात्र तो मागणी मान्य करतो. बाप म्हणून आपण त्याला समजून घेऊ; पण राष्ट्रप्रमुख म्हणून त्याला जाब विचारायला नको काय? पुढच्या हाणामारीत प्रेक्षक हा प्रश्नच विसरतो. मूठ उगारली की हिशेब चुकता होतो, हीच या चित्रपटांची शिकवण!

वास्तवात हिशेब असा चुकत नाही. २४ डिसेंबर १९९९ रोजी, ऐन नाताळच्या पूर्वसंध्येला, काठमांडूहून दिल्लीकडे निघालेल्या भारतीय विमानाचे अपहरण झाले. ३१ डिसेंबरला कंदाहार येथे तीन अतिरेकी सोडून प्रवाशांची सुटका करून घ्यावी लागली. त्या निर्णयावर आजही वाद होतो, आणि व्हायलाच हवा. शासनाच्या निर्णयाची चिकित्सा होते ती लोकशाही.

आपण ठाणे-कल्याण-डोंबिवलीची माणसे. आपल्याला दहशतवाद राष्ट्राध्यक्षांच्या विमानात नव्हे, लोकलच्या डब्यात भेटतो. १३ मार्च २००३ रोजी कर्जतकडे निघालेल्या लोकलमध्ये मुलुंड स्थानकात स्फोट झाला. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर ५०हून अधिक माणसे मारली गेली. त्या रात्री प्रवाशांना कोणी वाचविले? उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपली जागा न सोडता ध्वनिक्षेपकावरून लोकांना सुरक्षित वाट दाखविली. गिरगाव चौपाटीजवळ केवळ लाठी हाती असलेल्या तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली आणि प्राण दिले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

या शौर्यापुढे मस्तक नमते. पण त्याचबरोबर विचारायला हवे: स्वयंचलित बंदुकीपुढे पोलिसाच्या हाती लाठीच का होती? मानेसरहून निघालेले कमांडो मुंबईत पोहोचेपर्यंत दुसरा दिवस का उजाडला? राज्यकर्त्याची लढाई नेमकी इथे आहे. खरेदीचे कागद, प्रशिक्षण, गुप्तवार्तांचा पाठपुरावा अशी ती कंटाळवाणी, टाळ्यांविना लढावयाची लढाई असते.

आणि आपल्याकडे काय झाले? ३० नोव्हेंबर २००८ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख उद्ध्वस्त 'ताज'ची पाहणी करावयास गेले, तेव्हा चित्रपट दिग्दर्शक रामगोपाल वर्मा त्यांच्यासोबत होते. जनता संतापली आणि काही दिवसांतच मुख्यमंत्रिपद गेले. पुढे २०१३ साली वर्मा यांचा याच हल्ल्यावरील चित्रपट आला आणि तो पाहावयास आपणच तिकिटे काढली!

'अहो, करमणूक ती, एवढे काय मनावर घ्यायचे?' असे कोणी म्हणेल. करमणूक करमणुकीच्या जागी राहिली तर तक्रार नाही. पण मत देताना आपण 'कोण जास्त गर्जतो' एवढेच पाहू लागलो, तर चित्रपटगृह आपल्याबरोबर मतदानकेंद्रात शिरले असे समजावे. पालकहो, मुलांना चित्रपट जरूर दाखवा. मात्र घरी परतताना स्थानकावरील पोलिसाकडे बोट दाखवून विचारा की, याच्या हाती योग्य साधन असावे ही जबाबदारी कोणाची? उत्तर शोधताना मुले आपोआप नागरिक होतील.