किल्ल्याला गुण नकोत, माती द्या!

भोंडला, पाटीपूजन आणि दिवाळीचा किल्ला. आश्विनातले हे खेळ नेमके काय आहेत, फ्लॅटमध्ये ते कसे जगतात आणि मोठ्यांनी त्यांत किती लुडबुड करावी?

दसरा सरतो, सहामाहीचा शेवटचा पेपर होतो आणि कर्वेनगरातल्या घरोघरी एकच चर्चा सुरू होते : यंदा किल्ला कुठला? आईला फराळाची काळजी, बाबांना बोनसची, आजीला जिन्यात होणाऱ्या चिखलाची. मुलांना मात्र फक्त मातीची.

वर्षभरात मुलांच्या हक्काचे असे मोजकेच दिवस असतात. बाकीच्या वेळी क्लास, चाचणी, सराव आणि गुण. म्हणूनच हे दिवस जपायला हवेत, आणि तेही त्यांची स्पर्धा न करता.

भोंडला म्हणजे काय?

पाटावर हत्तीचं चित्र काढायचं, पाट मध्ये ठेवायचा आणि भोवती फेर धरून गाणी म्हणायची. पुण्यात हे साधारणपणे नवरात्रात चालतं. काही भागांत सूर्य हस्त नक्षत्रात गेला की सुरुवात होते आणि सोळा दिवस खेळ रंगतो, तिथे याला हादगा म्हणतात. विदर्भात आणि खानदेशात भुलाबाई बसते, ती भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, अशी चढती भाजणी. खिरापतीचंही तसंच.

या खेळाचा खरा प्राण म्हणजे खिरापत ओळखणं. डबा झाकलेला असतो. गोड की तिखट, कोरडं की ओलं, असे प्रश्न विचारत, डबा हलवून आवाज ऐकत पदार्थ ओळखायचा. पूर्वी उत्तरं वाटली डाळ, करंजी, भिजवलेले दाणे अशी असायची. आता डब्यातून पास्ताही निघतो. आज्या हरतात, नातवंडं जिंकतात आणि दोघांनाही खायला मिळतं.

ही सासू-सुनेची गाणी आजच्या मुलींनी का म्हणायची?

हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतं आणि तो रास्त आहे. पण ही गाणी नीट ऐकली, तर त्यांत रडगाण्यापेक्षा चेष्टा जास्त आहे. माहेरी जायची परवानगी मागणाऱ्या सुनेला घरातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाठवतो, आणि गाणाऱ्या मुली त्या साऱ्या घराला हसतात. लहान वयात लग्न होण्याच्या काळात मुलींना मोठ्यांसमोर, मोठ्यांबद्दल असं बोलायची मुभा दुसरीकडे कुठे होती? आजच्या मुलीला सासर ठाऊक नसतं, पण 'हे काम माझं नाही, तिकडे विचारा' हा अनुभव तिला शाळेच्या खिडकीपाशीही येतो.

फेरात कोण उभं राहणार, हा मुद्दा मात्र कर्वेनगराला टाळता येणार नाही. हा भाग म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये याच हिंगण्यात, एका झोपडीत आला. ज्या काळात विधवांना हळदीकुंकवापासून दूर ठेवलं जाई, त्या काळात त्यांच्या शिक्षणाचं काम इथल्या माळावर उभं राहिलं. त्यांचं नाव लावणाऱ्या वस्तीत भोंडल्याचा फेर कुणासाठीच बंद असू नये. मुलगे, शेजारच्या काकू, एकट्या राहणाऱ्या आजी, घरकामाला येणाऱ्या मावशी आणि त्यांची मुलं, सगळ्यांनी यावं. वाटल्या डाळीला एवढी माणसं पुरतात.

पाटीपूजनात गंमत कसली?

दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांनी सरस्वती काढतात, वह्या-पुस्तकांची पूजा करतात. पूजेत ठेवलेलं पुस्तक लगेच उचलायचं नाही, हा नियम मुलांना सगळ्यात आधी पाठ होतो. कठीण विषयाचं पुस्तक मोठ्या भक्तिभावानं सर्वांत खाली ठेवलं जातं. आता पाटी सापडत नाही म्हणून काही घरांत लॅपटॉपला कुंकू लागतं. मुलं मोबाइलही पूजेत ठेवा असं सुचवतात, पण आई-बाबांचा. तेवढा नियम मोठ्यांनी एक दिवस पाळून बघायला हरकत नाही.

किल्ला कसा उभा राहतो?

दगड-विटांची उतरंड रचायची, त्यावर जुनं पोतं मातीच्या राड्यात भिजवून पसरायचं, वरून माती लिंपायची आणि हळीव किंवा मोहरी पेरायची. हळीव दोन-चार दिवसांत उगवतो आणि डोंगर हिरवा होतो. माथ्यावर सिंहासनावर शिवाजी महाराज, बुरुजांवर मावळे, पायथ्याशी गाव, शेत आणि विहीर. मावळे आणायला कसब्यातला कुंभारवाडा आहेच. मावळा दरवाज्यापेक्षा उंच असतो, तोफेशेजारी प्लास्टिकचा वाघ बसतो आणि पायथ्याच्या गावात एखादी लाल एसटीही उभी असते. कुणालाही त्याचं काही वाटत नाही.

या खेळात माची, बालेकिल्ला, बुरुज, चोरदरवाजा हे शब्द हातानं शिकले जातात. राजगड करायचा तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या तीन दिशांना काढाव्या लागतात. सिंधुदुर्ग करायचा तर परातीत पाणी भरून समुद्र करावा लागतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं : अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतली जिंजी. सिंहगड त्या यादीत नाही, पण पुण्यातल्या मुलांच्या यादीत तो आजही वरच्या नंबरावर असतो. त्यांना युनेस्कोला विचारावं लागत नाही.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण जागेची. वाड्याला अंगण होतं, बंगल्याला बाग होती. आता पार्किंगमध्ये फरशा आहेत आणि 'डाग पडतील' अशी सूचना आहे. डाग पडतात हे खरंच आहे. पण पंधरा दिवसांनी ते धुतले जातात.

दुसरी अडचण आपल्या घाईची. बाजारात तयार किल्ला मिळतो. नोकरी करणाऱ्या आई-बाबांना तो सोयीचा वाटतो आणि त्यात दोष देण्यासारखं काही नाही. पण तयार किल्ला कोसळत नाही, म्हणून त्यातून काही शिकताही येत नाही. ओली माती किती उभी राहते आणि कधी घसरते, हे तीन वेळा बुरुज पडल्याशिवाय कळत नाही.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी : परीक्षकांची. स्पर्धांनी इमारतींमध्ये किल्ले परत आणले, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण बक्षीस आलं की बाबा हातात ओळंबा घेतात, काका दिव्यांची माळ आणतात आणि मुलांकडे फक्त पाणी आणायचं काम उरतं. पहिला नंबर येतो, पण तो मोठ्यांचा.

शाळेनं आणि सोसायटीनं काय करावं?

शाळांनी भोंडला जरूर घ्यावा, पण स्टेजवर बसवलेला नाच म्हणून नको. मैदानात, मुलगे-मुली एकत्र, हातात हात धरून, चुकलेल्या ओळींसकट. दिवाळीच्या अभ्यासात पानंच्या पानं उतरवून आणण्याऐवजी एवढंच विचारावं : हळीव कितव्या दिवशी उगवला? बुरुज का पडला? आजीच्या गावी कोणता खेळ होता? उत्तरांना गुण देऊ नयेत. वर्गात बसून ती फक्त ऐकावीत.

सोसायटीनं पंधरा दिवसांपुरती एका गाडीची जागा आणि चार पोती माती द्यावी. किल्ले बघायला सगळ्या मजल्यांवरून माणसं खाली यावीत, प्रत्येक मुलाला त्याच्या गडाची गोष्ट सांगू द्यावी, पण नंबर काढू नयेत. द्यायचंच असेल तर सगळ्यांना फराळ द्यावा. दिवाळीनंतर तीच माती कुंड्यांमध्ये जाईल, म्हणजे खर्चाचा प्रश्नही मिटला.

आणि घरातल्या मोठ्यांसाठी नियम एकच : मुलांनी हाक मारल्याशिवाय किल्ल्याला हात लावायचा नाही. हाक येतेच. पोतं भिजलं की ते फार जड होतं, ते उचलायला कुणीतरी लागतंच.