डोळ्यांवरचे यंत्र आणि कारागिराचा खिसा

व्हीआर हेडसेट विकत घ्यावा काय, असे आरोंद्याच्या एखाद्या फर्निचरवाल्याने विचारले तर त्याला हसण्यावारी नेऊ नये. किरणपाणीचा पूल ओलांडला की पेडणे तालुका. तेथे मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. हॉटेलवाल्या गिऱ्हाइकाला पलंग, कपाट त्याच्याच खोलीत ठेवल्यासारखे दाखवता आले तर सौदा लवकर जमेल, हा हिशेब चुकीचा नाही. प्रश्न आहे तो यंत्राच्या वजनाचा आणि पैशांचा.

हे यंत्र जुनेच. १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी बनवलेले यंत्र इतके अवजड होते की ते छताला टांगावे लागे. १९९५ मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘व्हर्च्युअल बॉय’ आणला. तो टेबलावर ठेवून त्यात डोळे घालून बसायचे आणि चित्र दिसायचे ते फक्त लाल. वर्षभरात धंदा गुंडाळला. २०१६ चा ऑक्युलस रिफ्ट बराच सुधारलेला होता, पण त्याची तार महागड्या संगणकाला बांधलेली. २०१९ च्या क्वेस्टने ती तार काढली.

वजनाची गंमत मात्र पाहण्यासारखी आहे. २०२० चा क्वेस्ट २ होता ५०३ ग्रॅमचा आणि २०२३ चा क्वेस्ट ३ आहे ५१५ ग्रॅमचा. म्हणजे वजन घटले नाही! तरी नवा हलका वाटतो, कारण त्याच्या भिंगांत प्रकाश आतल्या आत दुमडला जातो, त्यामुळे डबा पातळ होऊन चेहऱ्याजवळ बसतो. हात लांब करून धरलेली पिशवी जड लागते, अंगाशी धरली की तीच हलकी, तसेच हे. ॲपलने २०२४ च्या व्हिजन प्रोमध्ये बॅटरी काढून तारेने खिशात दिली, तरीही चेहऱ्यावर सहाशे ग्रॅमच्या वर राहिलेच. किंमत ३,४९९ डॉलर. एवढ्यात आपल्याकडे चांगली रंधा मशीन येऊन वर पैसे उरतील.

चक्कर येण्याचे कारणही समजून घ्यावे. डोळा सांगतो आपण चाललो, कान सांगतो बसलो आहोत. मान वळवल्यावर चित्र जरा उशिरा वळले की मळमळ सुरू. नव्या यंत्रांत हे कमी झाले आहे, संपलेले नाही. गिऱ्हाइकाला मळमळले तर पलंग कोण घेणार?

जिओने २०२३ मध्ये १,२९९ रुपयांत ‘जिओडाइव्ह’ आणला, त्यात आपलाच मोबाईल बसवायचा. क्रिकेट पाहायला ठीक, दुकानात उपयोग थोडा. ठाण्याची अजनालेन्स ही कंपनी मात्र कारागीर शिकवण्यासाठी हेडसेट बनवते, आणि माझ्या मते आपल्यासाठी खरा उपयोग तोच. वेल्डिंग शिकणाऱ्या पोराचा रॉड आणि पत्रा दोन्ही वाचतात, डोळे व हातही भाजत नाहीत.

विक्रीसाठी घ्यायचाच असेल तर एक खर्च कोणी सांगत नाही. तुमच्या कपाटाचे त्रिमितीय चित्र कोणीतरी संगणकावर काढून द्यावे लागते, प्रत्येक नमुन्याचे वेगळे. त्याची मजुरी आधी विचारा. तीन-चार कारखानदारांनी मिळून एक घेतला तर परवडेल; एकट्याने व्याजाचे पैसे काढून घेऊ नये. भारतात दुरुस्ती कोण करतो हेही विचारावे. पैसे देण्यापूर्वी अर्धा तास स्वतः घालून बसावे, चष्मा असेल तर चष्म्यासकट. आणि आपल्या पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते, कपाळाच्या स्पंजात घाम मुरतो. स्पंज काढून पुसता येतो ना, तेवढे दुकानातच पाहून घ्यावे.