मासे नव्हे, पाणी पाळा

फिशटँक असलेल्या कुणाकडे गेलो की मी मासे नंतर बघतो. आधी बघतो टँकशेजारी बाटल्या किती आहेत. पीएच चढवायची, पीएच उतरवायची, पाणी चकाचक करायची, शेवाळ मारायची... बाटल्या जितक्या जास्त तितका टँक आजारी, हा आपला माझा अंदाज, आणि तो सहसा चुकत नाही. :)

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. पाण्याचे आकडे पुस्तकाबरहुकूम असण्यापेक्षा ते काल होते तसेच आज असणं जास्त महत्त्वाचं. आणि हा कालच्यासारखेपणा बाटलीत मिळत नाही.

निमित्त आमच्या आमगावच्या भाच्याचं. पठ्ठ्यानं हौसेनं तीन फुटी टँक घेतला, त्यात झाडं लावली. पाणी घरच्या बोअरचं. एका दुकानदारानं तपासून सांगितलं, पीएच ८ आहे, झाडांच्या टँकला साडेसहा पाहिजे, ही बाटली घ्या. मग रोज थेंब टाकणं सुरू झालं. दोन महिन्यांनी फोन आला, "मामाजी, मासोळ्या मरूनच राहिल्या. उरलेल्या झाडांसकट गावच्या बोडीत सोडून देऊ का?"

नको रे बाबा! का नको ते शेवटी सांगतो. आधी मासोळ्या का मेल्या ते बघू.

बोअरचं पाणी जमिनीतल्या खडकातून झिरपत येतं आणि येताना बायकार्बोनेट घेऊन येतं. त्याचं माप म्हणजे केएच. केएचला मी पाण्याचं शिलकी खातं म्हणतो. पाण्यात आम्ल पडलं की या खात्यातून खर्च होतो आणि पीएच जागच्या जागी राहतो. बाटलीतलं आम्ल टाकल्यावर काय होतं? बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो, पीएच खाली येतो, आपण खूश. काही तासांत तो वायू उडून जातो, पीएच पुन्हा वर. आपण पुन्हा थेंब टाकतो. मासा बिचारा रोज वर-खाली. खातं मात्र रोज थोडं रिकामं होत जातं आणि एक दिवस शिल्लक संपते. मग पीएच घसरतो तो कुठंही थांबत नाही. पीएचचा एक आकडा म्हणजे दहापट फरक, हे लक्षात घेतलं तर त्या माशावर काय गुदरत असेल ते कळेल.

दुसरी गोष्ट अमोनियाची. माशांच्या श्वासातून, विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून तो सतत तयार होतो. त्याचा विषारी भाग किती हे पीएचवर ठरतं. पाणी २५ अंशांवर असेल तर पीएच ७ ला शंभरात एक भागसुद्धा नाही, ८ ला पाचेक भाग, आणि ९ ला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. म्हणजे थोडा अमोनिया साचलेल्या टँकमध्ये पीएच एकदम वर गेला तर कालचं चालण्यासारखं पाणी आज विष होतं. उलट पीएच फार पडला तर अमोनिया पचवणारे जिवाणू मंदावतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि रेतीत राहतात. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट असं ते करतात. नायट्राइट पचवणारा म्हणून पूर्वी सगळे नायट्रोबॅक्टरचं नाव घ्यायचे, पण १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टँकमध्ये ते काम नायट्रोस्पायरा करतो असं दिसून आलं. नाव काहीही असो, हे काम करताना ते केएच खातात. म्हणजे काहीही न टाकताही खातं हळूहळू रिकामं होतच असतं. दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं ते घाण काढायला जितकं, तितकंच हे खातं भरायला.

म्हणूनच "आम्ही टँकमध्ये आरोचंच पाणी घालतो, एकदम शुद्ध" असं कुणी अभिमानानं सांगितलं की मला काळजी वाटते. आरोच्या पाण्यात केएच जवळजवळ नसतोच. शिल्लक शून्य. बोअरचं पाणी फारच जड असेल तर त्यात थोडं आरोचं मिसळा, पण ठरलेल्या प्रमाणात आणि दर वेळी तेवढंच.

आता कुणी म्हणेल, झाडांच्या टँकमध्ये पीएच सकाळी एक आणि संध्याकाळी एक दिसतो, त्याचं काय? ते साहजिक आहे. दिवसा झाडं कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, पीएच चढतो. रात्री सगळेच श्वास सोडतात, तो उतरतो. तळ्यातही हेच चालतं आणि मासे ते सोसतात. त्यामुळं मोजायचं ते रोज एकाच वेळी, आणि पीएचपेक्षा केएचवर जास्त लक्ष ठेवायचं. बोअरचं ताजं पाणी तर लगेच मोजूच नका. त्यात जमिनीतला वायू विरघळलेला असतो. बादलीत एअरपंप लावून एक रात्र ठेवा, मग खरा आकडा दिसेल.

यात मी काही नवीन सांगतोय असं नाही. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याला तर हे शिकायला पुस्तक लागू नये. तलावांचा जिल्हा आपला. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले, पुढे मालगुजारांकडे आलेले मामा तलाव, शिवाय शेताशेतातल्या बोड्या. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्याकडे बघणारं कुणी उरलं नाही. गाळ साचला, बेशरम माजली, पाण्यातली झाडं गेली, त्यांच्याबरोबर देशी मासेही गेले. मग उपाय काय, तर बाहेरून मत्स्यबीज आणून सोडा. बाटलीतले थेंबच की हे!

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या ढिवर मंडळींनी उलटी वाट धरली. भंडाऱ्याचे मनीष राजनकर, अर्जुनीचे पतिराम तुमसरे, निमगावच्या शालू कोल्हे ही नावं आता बरीच माहीत झाली आहेत. त्यांनी आधी बेशरम उपटली आणि मग तलावात पाणवनस्पती परत लावल्या. माशांना अंडी घालायला, लपायला, खायला जागा झाली आणि देशी मासे परतले. आणि लावलेल्या झाडांत कोणती होती? हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेरॅटोफायलम. शहरातल्या दुकानात फिशटँकसाठी जुडी बांधून विकतात तीच!

भाच्याला मी हेच सांगितलं. पीएच ८ ला घाबरू नकोस. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकतात, जड पाणी त्यांना चालतं. ती भराभर वाढतात आणि अमोनिया थेट खातात. साडेसहाचं पाणी लागणारी महागडी झाडं-मासे आणून मग पाणी त्यांच्यासाठी वाकवण्यापेक्षा, आपल्या पाण्यात सुखानं राहतील असे सोबती निवडावेत. गप्पी, मोली, प्लॅटी यांना जड पाणी आवडतंच.

बाकी नियम साधे. आठवड्याला पाव टँक पाणी बदलायचं, त्याच तापमानाचं. नळाचं असेल तर क्लोरीन काढून. स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्याच पाण्यात, नळाखाली धरला की जिवाणू गेले. खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच. आणि आपल्याकडचा मे महिना विसरायचा नाही. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे आठेक मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ ला सातच्याही आत. त्यात वीज गेली की फिल्टर बंद, मासे आणि जिवाणू दोघेही गुदमरतात. बॅटरीवर चालणारा छोटा एअरपंप घरात असू द्यावा. त्या सगळ्या बाटल्यांपेक्षा स्वस्त पडतो.

राहिला बोडीत सोडण्याचा प्रश्न. "टँक क्लीनर" म्हणून विकतात तो सकरमाउथ मूळ दक्षिण अमेरिकेतला. कुणीतरी असाच कंटाळून सोडला आणि आज तो आपल्या देशात कितीतरी पाण्यांत ठाण मांडून बसलाय. जलपर्णीही शोभेचं फूल म्हणूनच आली होती. आपल्या काचेच्या पेटीत पाणी बिघडलं तर पाच-पन्नास मासे जातात. बोडीत बिघडलं तर कुणाचा तरी रोजचा घास जातो, आणि ते सुधारायला माणसांना कित्येक वर्षं चिखलात उतरावं लागतं. टँक नकोसा झाला तर दुसऱ्या हौशी माणसाला द्या, नाहीतर दुकानात परत करा. तळ्यात नाही.

भाचा सध्या बाटल्या बंद करून नुसतं पाणी बदलतोय. दोन महिने काही विचारायचं नाही, असं ठरलंय. थांबणं हेच या छंदातलं सर्वांत अवघड काम आहे, बाकी सगळं पाणी आणि झाडं करतात.