संपाच्या मागण्यांत आमची एक तरी असू द्या

सरकारी कर्मचारी संपावर गेले की आमच्या रस्त्यावर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'यांना कमी काय आहे?' आणि दुसरं, 'काढून टाका सगळ्यांना, अर्ध्या पगारात काम करायला पोरं तयार आहेत.' 14 मार्च 2023 रोजी जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सतरा लाखांच्या आसपास सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले, तेव्हाही हीच वाक्यं होती. संप योग्य की अयोग्य, यावर त्या दिवसांत भरपूर लिहून आलं. लोकांना इतका राग का येतो, यावर मात्र फारसं कुणी लिहिलं नाही. छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाजवळ माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, रेशन कार्डात नाव चढवणं, निराधारचा अर्ज अशी कामं घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि तो राग पहिल्यांदा माझ्यासमोर बाहेर पडतो. म्हणून मी लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. कर्मचाऱ्यांची पेन्शनची मागणी रास्त होती. लोकांचा रागही रास्त होता. आणि संपाच्या मागण्यांत जनतेची एखादी मागणी शेवटपर्यंत टिकली असती, तर हे दोघे एकमेकांसमोर उभे राहिले नसते.

मागणी रास्त का, ते बघू. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर राज्य सरकारच्या नोकरीत आलेल्यांना तेव्हा जुनं निवृत्तिवेतन नव्हतं. आधीच्यांना शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आणि वर महागाई भत्ता मिळतो. नंतरच्यांच्या पगारातून दरमहा दहा टक्के कापले जातात, सरकार आपला वाटा घालतं आणि तो पैसा बाजारात गुंतवला जातो. म्हातारपणी हातात किती पडेल, हे संपाच्या वेळी बाजारच ठरवत होता. एकाच कार्यालयात शेजारच्या टेबलावर बसून एकच काम करणाऱ्या दोघांपैकी एकाचं म्हातारपण बांधलेलं आणि दुसऱ्याचं बेभरवशाचं. यावर माणूस चिडला तर त्याला लोभी म्हणता येत नाही. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेशने जुनी योजना परत आणल्याची चर्चा तेव्हा सगळीकडे होती, त्यामुळे इथल्यांनीही आशा धरली.

आता लोकांची बाजू. मार्च हा दाखल्यांचा महिना. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागांतून, मुलाला चांगल्या शाळेत घालण्यासाठी अर्ज भरणं चालू होतं. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो. धुणीभांडी करणाऱ्या बायका, वाळूजच्या कंपन्यांतले ठेकेदारी कामगार, रिक्षावाले माझ्याकडे पावत्या घेऊन यायचे आणि मी संगणकावर बघून सांगायची, अर्ज डेस्क एकवर पडून आहे. पुढे सरकवायला टेबलावर माणूसच नव्हता. घाटी रुग्णालयात परिचारिका संपात होत्या आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जात होत्या. त्यातच मराठवाड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. काढणीला आलेला गहू आडवा झाला, हरभरा भिजला, आंबा झडला. कन्नडकडचे एक शेतकरी मुलीच्या दाखल्यासाठी आले होते. ते म्हणाले, "ताई, पंचनाम्याला कोण येणार? तलाठी म्हणतो संप हाय. पाऊस तर संपावर गेला नाही." या माणसाला नवी योजना आणि जुनी योजना यातला फरक समजावून सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

पण खरं सांगायचं तर हा राग संपाच्या त्या सात दिवसांचा नव्हता. सात दिवस लोक सहन करतात. बँका बंद असतात, एसटी बंद असते, सणाच्या सुट्ट्या लागून येतात. राग उरलेल्या वर्षाचा होता. 'साहेब मीटिंगला गेलेत.' 'सर्व्हर डाउन आहे.' 'ही झेरॉक्स चालत नाही, साक्षांकित करून आणा.' 'बुधवारी या.' फुलंब्रीहून सकाळची एसटी पकडून आलेली बाई रोजगार बुडवून आलेली असते. तिला बुधवारी या म्हणणं म्हणजे तिच्या घरातला एक दिवसाचा किराणा काढून घेणं. माझ्या सासऱ्यांच्या पश्चात वारस नोंदीसाठी आम्ही एका कार्यालयाच्या इतक्या चकरा मारल्या की घरात त्या शेताचं नाव काढलं तरी नवऱ्याचा चेहरा उतरायचा. कागद पूर्ण होते. अडत कुठे होतं, ते आम्हाला सांगणारं कुणी भेटलं नाही. ज्याच्या वाट्याला असं आलेलं असतं, त्याला संपाच्या दिवशीचं रिकामं टेबल वेगळं दिसत नाही. त्याच्या लेखी ते टेबल एरवीही रिकामंच होतं.

माझ्या या म्हणण्याला एक पुरावा देते. त्याच वर्षी फेब्रुवारीत अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर होत्या. वर्षाच्या शेवटी त्या पुन्हा संपावर गेल्या आणि तो संप तर जानेवारीपर्यंत लांबला. पोरांचा आहार बंद, गरोदर बायकांच्या नोंदी बंद. तरीही माझ्या दुकानात त्यांना कुणी शिव्या दिल्याचं मी ऐकलं नाही. उलट बायका म्हणायच्या, 'एवढ्या पैशात कोण राबतं?' फेब्रुवारीच्या संपावेळी सेविकेला महिन्याला 8,325 रुपये मिळत होते, ते 2023 च्या अर्थसंकल्पात 10,000 झाले. पण सहानुभूती फक्त कमी मानधनामुळे नव्हती. अंगणवाडीची ताई गल्लीत येते, लेकराचं वजन करते, नावाने हाक मारते. लोकांना तिचं काम दिसतं, म्हणून तिचा संपही आपला वाटतो.

आणखी एक उदाहरण दूरचं आहे, पण नेमकं त्याच आठवड्यातलं. आपल्याकडे संप चालू होता तेव्हा फ्रान्समध्ये निवृत्तीचं वय 62 वरून 64 करण्याच्या विरोधात संप पेटला होता. पॅरिसमध्ये सफाई कामगारांनी काम थांबवलं होतं आणि फुटपाथवर कचऱ्याचे ढीग साचले होते. त्रास कमी नव्हता. तरीही तिथली बहुसंख्य जनता सरकारच्या निर्णयाच्या विरोधात आणि संपकऱ्यांच्या बाजूने होती. कारण साधं होतं. ती लढाई सगळ्यांच्या म्हातारपणाची होती. रस्त्यावर उतरलेल्यांत दुकानात काम करणारा होता आणि कारखान्यातलाही होता.

आपल्याकडे घोषणा होती, 'एकच मिशन, जुनी पेन्शन.' मागणीपत्रात कंत्राटी कर्मचाऱ्यांना कायम करणं आणि रिक्त पदं भरणं हे विषयही होते, हे मान्य करायला हवं. पण टोपीवर, बॅनरवर, घोषणेत फक्त एकच राहिलं. 20 मार्चला तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याबरोबरच्या चर्चेनंतर संप मागे घेतला गेला, तो पेन्शनच्या आश्वासनावर. पुढे बरंच पदरात पडलं. ज्यांच्या भरतीची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी निघाली होती, त्यांना फेब्रुवारी 2024 मध्ये जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. मार्च 2024 मध्ये इतरांसाठी निम्म्या पगाराची हमी देणारी सुधारित योजना जाहीर झाली. ऑगस्टमध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन आणली आणि राज्यानेही तीच वाट धरली. म्हणजे लढा वाया गेला नाही. पण ज्या शेतकऱ्याचा पंचनामा रखडला, ज्या आईचा दाखला अडकला, त्यांना या सगळ्यातून काय मिळालं? त्यांच्यासाठी एक टेबल वाढलं नाही, एक रिकामी खुर्ची भरली नाही.

आता लोकांनाही एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी तितक्याच कळकळीने सांगते. माझे वडील चिकलठाण्यातल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांची ईपीएस-95 ची, म्हणजे खासगी कामगारांसाठीच्या योजनेची, पेन्शन दोन हजारांच्याही आत आहे. या योजनेतली किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपयांवर थांबली आहे. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेत महिन्याला 1,000 मिळायचे, ते 1,500 करण्याची घोषणा 2023 च्या अर्थसंकल्पात झाली. माझ्या वडिलांना सरकारी पेन्शनवाल्यांचा राग येतो आणि मला तो समजतो. पण कारकुनाची पेन्शन कापली तर वडिलांच्या खात्यात एक रुपया वाढणार नाही. 'त्याचं काढा' या मागणीने गरिबाचं कधीच भलं झालेलं नाही. 'मलाही द्या' या मागणीने झालं आहे.

'अर्ध्या पगारात पोरं तयार आहेत' या वाक्याने तर मला भीती वाटते. 2023 मध्ये तलाठ्याच्या साडेचार हजारांहून थोड्या जास्त जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. आपल्या शहरातल्या अभ्यासिकांत मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून आलेली मुलं-मुली रात्री उशिरापर्यंत बसतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे अर्ज मी भरले आहेत. त्या पोरांना पूर्ण पगाराची, कायमची नोकरी हवी आहे. आई-बापाने त्यासाठी शेत गहाण ठेवलेलं असतं. आपण मोठी माणसं चिडून त्यांना अर्ध्या किमतीला विकायला काढतो आणि सरकार ते ऐकत असतं. त्याच वर्षी 6 सप्टेंबरला नऊ खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला. पोरं रस्त्यावर आली, म्हणून ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. सरकारी कार्यालयांतले कंत्राटी ऑपरेटर किती महिने पगाराविना राबतात, ते मी जवळून पाहते. ज्याला स्वतःच्या पुढच्या महिन्याचा भरवसा नाही, तो तुमच्या दाखल्याची काळजी कशाच्या बळावर करणार?

कायद्याचं म्हणाल तर सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये तामिळनाडूच्या खटल्यात स्पष्ट म्हटलं आहे. राज्याच्या वर्तणूक नियमांतही संपाला मनाई आहे. कायदा पाठीशी नसेल तर संप तोलून धरणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे लोकांची साथ. ती नसली की सरकारला फार काही करावं लागत नाही. थोडं थांबलं की लोकच संपकऱ्यांवर तुटून पडतात.

म्हणून कर्मचारी संघटनांना माझी विनंती आहे. संपाची हाक पुन्हा कधी ना कधी येईल. तेव्हा तीन गोष्टी करा. एक, रिक्त पदांची मागणी यादीच्या तळाशी नको, पहिल्या ओळीत घ्या आणि तिच्यावर लेखी तारीख मिळाल्याशिवाय संप मागे घेऊ नका. राज्यात दोन लाखांहून अधिक पदं रिकामी आहेत. एका कारकुनावर तिघांचं काम पडतं, तेव्हा त्याचाही जीव जातो आणि आमचाही. दुसरी गोष्ट, गारपीट, पूर, शस्त्रक्रिया आणि मुलांच्या प्रवेशाचे दाखले ही कामं संपातून वगळत असल्याचं पहिल्याच दिवशी जाहीर करा. काळी फीत लावून पंचनामा केलात, तर तो शेतकरी गावात तुमच्यासाठी बोलेल. तिसरी गोष्ट लोकसेवा हक्क कायद्याची. 2015 पासून तो आहे. उत्पन्नाचा दाखला पंधरा दिवसांत द्यायचा असतो, विनाकारण उशीर केल्यास संबंधित अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि अर्जदाराला अपील करता येतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना यातलं काही माहीत नसतं. प्रत्येक कार्यालयात हा कायदा नीट पाळला जाईल, आमचे सभासद तो पाळतील, असं संघटनेने स्वतः पुढे होऊन सांगावं. स्वतःचा हक्क मागणाऱ्याने समोरच्याचा हक्क आधी मान्य केला, तर त्याच्या बोलण्याला वजन येतं.

र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली 1977-78 मध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी महागाई भत्त्यासाठी 54 दिवसांचा संप केला होता. इतकी चिवट परंपरा असलेल्या चळवळीला आमच्यासाठी एक मागणी शेवटपर्यंत धरून ठेवणं जड नाही. तुमच्या म्हातारपणाच्या सुरक्षेसाठी मी माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाशी वाद घालायला तयार आहे. फक्त त्या माणसाला दाखवायला तुमच्या यादीत त्याची एक मागणी असू द्या, आणि चर्चेच्या टेबलावरून उठताना ती मागे सोडून येऊ नका.