कमानीकडे पाहावयाचे राहून गेले

गेल्या महिन्यात या सदरात आम्ही घरातील जुन्या पोथ्यांची निगा कशी राखावी याविषयी चार शब्द लिहिले होते. या खेपेचा विषय पोथीचा नसून दगडाचा आहे, आणि तो आमच्या पदरी पडला तो आमच्या नातीमुळे.

नात वास्तुकलेच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षास आहे. परीक्षेसाठी तिला पाश्चात्त्य देशांतील नामांकित शिल्पे व वास्तू यांची एक लांबलचक यादी सनावळीसह मुखोद्गत करावयाची होती. भाईंदरास शेजारशेजारच्या दोन बिऱ्हाडांत मिळून आमचे कुटुंब नांदते. रात्रीची जेवणे आटोपली की बाहेरच्या खोलीत तिचे घोकणे सुरू होई. लास्कोची गुहा, पार्थेनॉन, पँथिऑन, शार्त्रचे मंदिर, फ्लॉरेन्सचा घुमट! आम्ही बालपणी शब्दरूपावली ज्या चालीवर म्हटली, नेमक्या त्याच चालीवर. एके रात्री आम्ही विचारले, "बाळ, यांतले तू पाहिलेस काय?" ती म्हणाली, "आजोबा, चित्र पाहिले आणि सन पाठ केला. तिकडे जायला कुठे मिळणार?"

प्रश्न रास्त होता. आम्ही आठ दिवस तिचीच पुस्तके घेऊन बसलो, आणि जसजसे वाचीत गेलो तसतसे आमच्या ध्यानी आले की, यादीतील पुष्कळशा गोष्टींचे सोयरे आपल्या परसात उभे आहेत. फ्रान्सातील लास्कोच्या गुहेत सुमारे सतरा हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने रंगविलेले बैल व घोडे १९४० साली काही मुलांच्या दृष्टीस पडले. आपल्या रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर जांभ्या दगडात खोदलेले हत्ती व मासे आहेत, आणि ती कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत दाखल झाली. अथेन्सचे पार्थेनॉन ख्रिस्तपूर्व ४४७ साली बांधावयास घेतले. त्याची मूळ युक्ती तीच, जी १०६० सालच्या आपल्या अंबरनाथच्या शिवालयात आहे: दोन खांब उभे करावे आणि त्यांवर दगडाची तुळई आडवी ठेवावी.

परंतु या युक्तीस एक मर्यादा आहे. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. आडवी तुळई लांब केली की तिच्या पोटास ताण बसून ती मधोमध तडकते. म्हणून असल्या मंडपात खांबांची दाटी होते. रोमन लोकांनी हा पेच कमानीने सोडविला. पाचरीच्या आकाराचे दगड लाकडी साच्यावर अर्धवर्तुळात मांडावयाचे, माथ्यावर कळीचा दगड बसवावयाचा, आणि मग साचा काढून घ्यावयाचा. प्रत्येक दगड खाली पडू पाहतो, परंतु शेजारी त्यास पडू देत नाही. ही गोष्ट एकत्र कुटुंबातील वाचकांस अधिक फोड करून सांगावयास नकोच! हीच कमान स्वतःभोवती फिरविली म्हणजे घुमट होतो. रोमचे पँथिऑन इसवी सन १२५ च्या सुमारास पुरे झाले. त्याच्या घुमटाचा व्यास सुमारे १४२ फूट असून त्याखाली मधोमध आधारास एकही खांब नाही.

पुढे शार्त्रसारख्या मंदिरांत कमानीस टोक आले, भिंती उंच झाल्या आणि त्यांत रंगीत काचा बसल्या. तो थाट पाहावयाचा तर चर्चगेटास उतरून मुंबई विद्यापीठाच्या १८७४ सालच्या पदवीदान सभागृहाकडे जावे. त्याच्या गोल खिडकीत बारा राशी रंगीत काचेत बसविल्या आहेत. त्यानंतर मात्र इटलीतील कारागिरांनी पुन्हा मागे वळून पाहिले. ब्रुनेलेस्की हा रोमच्या पडक्या वास्तूंत हिंडून मोजमापे घेत असे, असे त्याच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. त्यानेच १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत फ्लॉरेन्सचा प्रचंड घुमट उभारला. या कालखंडास आपण प्रबोधनकाल म्हणतो. त्याचा आरंभ काही अंशी भग्न अवशेषांकडे निरखून पाहण्यात झाला, ही गोष्ट वाचकांनी मनात धरून ठेवावी.

या प्रबोधनकालाची शैली फिरंगी लोकांनी गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर आणली, आणि तिचे अवशेष भाईंदरच्या खाडीपलीकडे वसईच्या किल्ल्यात उभे आहेत. भाईंदरहून वसईस नेणारी रो-रो नौका फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिने आम्ही आजोबा-नात एका रविवारी सकाळी निघालो.

आता एक कबुली देणे प्राप्त आहे. शिक्षकाच्या पेशात असताना आम्ही विद्यार्थ्यांच्या किती सहली या किल्ल्यात नेल्या याची गणती नाही. दरवेळी आमचे व्याख्यान एकच. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई फिरंग्यांस दिली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती घेतली. सुरुंग कसे उडाले, तट कोठे ढासळला, किती वीर पडले. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका सहलीत एक बारा वर्षांचा मुलगा रांग सोडून जेझुइटांच्या पडक्या मंदिरासमोर थबकला आणि म्हणाला, "सर, या खांबांच्या डोक्यावर झाडाची पाने का कोरली आहेत?" आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते. ठाऊक नाही असे म्हणण्याचे धैर्यही नव्हते. आम्ही त्यास म्हणालो, "ते फिरंग्यांचे काम आहे. तू तट पाहा." मुलगा रांगेत परतला आणि पुन्हा त्याने दिवसभर काही विचारले नाही.

नातीस घेऊन आम्ही त्याच दर्शनी भिंतीपुढे उभे राहिलो. छप्पर केव्हाच गेले आहे. मध्ये अर्धवर्तुळाकार कमानीचे दार, त्याच्या दोहों अंगांस पन्हळी खांब, खांबांच्या माथ्यावर तीच दगडी पाने. नात म्हणाली, "आजोबा, ही कॉरिंथची तऱ्हा. पुस्तकात आहे!" आणि तिने तिची कथा सांगितली.

कथा विट्रुव्हियस नामक रोमन स्थपतीच्या ग्रंथात आली आहे. ग्रंथ ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातला, दहा भागांचा. कॉरिंथ नगरीत एक उपवर मुलगी आजारी पडून वारली. तिच्या दाईने तिच्या आवडीच्या चीजवस्तू एका टोपलीत भरल्या, टोपली थडग्यावर ठेवली, आणि पाऊसवारा लागू नये म्हणून वर एक कौल झाकले. टोपलीखाली अकँथस नावाच्या झुडपाचे मूळ होते. वसंत ऋतूत त्यास पाने फुटली, ती टोपलीस बिलगून वर चढली आणि कौलाच्या कोपऱ्यांशी अडून बाहेर वळली. कॅलिमाकस नावाचा शिल्पकार तेथून जात होता. त्याने ते पाहिले आणि तसेच स्तंभशीर्ष घडविले. कथेचा इतिहास म्हणून जो कस लागेल तो लागो. परंतु एका दाईची माया दोन हजारांहून अधिक वर्षे देशोदेशीच्या खांबांच्या माथ्यावर मिरवली जावी, हे आम्हांस हृद्य वाटले.

आणि हे झुडूप परके तरी कोठे आहे? आपली अबोली, कोरांटी आणि खोकल्यावरचा अडुळसा ही सारी त्याच अकँथसच्या कुळातली. त्याची सख्खी बहीण तर याच खाडीच्या चिखलात तिवरांच्या आडोशाने वाढते. काटेरी पानांची, निळसर फुलांची ती मारांडी. शिवाय टोपली आणि तिच्यातून वर आलेली पाने म्हणताच आमच्यासारख्या संस्कृतच्या मनुष्यास निराळाच शब्द आठवला: घटपल्लव! वेरूळच्या लेण्यांतील खांबांवर कलशातून ओसंडणारी पाने आम्ही कितीदा पाहिली आहेत. तेथे ती मांगल्याची खूण आहे आणि कॉरिंथास वियोगाची. परंतु जड दगड वर चढता चढता हलका वाटावा, त्यास पालवी फुटावी, ही कारागिराची इच्छा दोहींकडे एकच.

घरी परतल्यावर आमच्या थोरल्या बंधूंनी हरकत घेतली. "ज्यांनी आपली देवळे पाडली त्यांच्या खांबांचे कौतुक तू पोरीस शिकवतोस?" हरकत पोकळ नव्हे. वसई प्रांतात देवळांचा विध्वंस झाला, लोकांवर धर्मांतराची सक्ती झाली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्याचेही तेव्हा चर्च झाले. हे विसरावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या दारावरील खांबांचे कूळ कोणते? ग्रीक आणि रोमन लोकांचे, म्हणजे मूर्तिपूजकांचे, अनेक देवदेवतांच्या मंदिरांतले! येथील मूर्तींस नावे ठेवणाऱ्यांनी आपल्या महाद्वारी मूर्तिपूजकांचेच खांब उभे केले होते. पँथिऑन हे मुळात देवळच. ६०९ साली त्याचे चर्च झाले, म्हणून ते आजवर टिकले. देवाचे नाव बदलले तरी घुमटाचे गणित बदलले नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही बंधूंस सांगितली. वसई सर झाल्यावर चिमाजी अप्पांनी शत्रूस आपली चीजवस्तू घेऊन सन्मानाने जाऊ दिले. तेथील चर्चांच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवालयांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा त्यांपैकीच मानली जाते. फिरंग्यांची घंटा देवापुढे चालते, तर कमान डोळ्यांपुढे का चालू नये? बंधू काही बोलले नाहीत. परंतु पुढल्या रविवारी नौकेत आमच्या शेजारी तेही होते.

तेव्हा वाचकांस एवढेच सुचवावयाचे की, सुटीत मुलांस किल्ला दाखवावयास न्याल तेव्हा लढाई अवश्य सांगा, आणि त्यानंतर त्यांच्या हाती कागद-पेन्सिल देऊन एक कमान काढावयास बसवा. कळीचा दगड कोणता ते त्यांनीच शोधावे. उत्तर येत नसेल तर येत नाही असे म्हणावे. त्याने वडीलकीस उणेपणा येत नाही, हे आम्ही फार उशिरा शिकलो.

तो मुलगा आता पन्नाशीकडे झुकला असेल. हे मासिक त्याच्या घरी जात असेल किंवा नसेल. जात असेल तर त्यास आमचे सांगणे असे: बाबा रे, ती पाने एका मुलीच्या थडग्यावर उगवली होती. तुझा प्रश्न चांगला होता.