शिखरावरून पुढे कुठे?

हवा तापू लागली की डोंगरउतारावरचे अनेक प्राणी गारव्यासाठी हळूहळू वर सरकतात. पण जो आधीच शिखरावर राहतो, त्याने कुठे जायचे?

केरळमधील अनमुडी हे दक्षिण भारतातील सर्वांत उंच शिखर. उंची २,६९५ मीटर. तेथे ‘राओर्चेस्टेस रिस्प्लेंडेन्स’ हा भडक नारिंगी बेडूक राहतो. डॉ. एस. डी. बिजू, पुण्याचे डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या नव्या प्रजातीचे वर्णन प्रसिद्ध केले. आययूसीएनच्या यादीत ती अतिसंकटग्रस्त आहे. पाय आखूड असल्याने हा बेडूक उड्या मारण्यापेक्षा जमिनीवरून रांगतच चालतो. बांबूच्या दाट बेटांत बुंध्याशी अंडी घालतो आणि त्यांतून बेडूकमासे न निघता थेट इवले बेडूक बाहेर पडतात. त्यामुळे त्याला डबके लागत नाही. मात्र अंडी सुकू न देणारी ओल लागते. ती मिळते पावसातून आणि धुक्यातून.

या उंचीवरचे जंगल मुळातच तुकड्यांचे. घळींमध्ये ‘शोला’ जंगल, भोवती गवताळ माळ. मुन्नार परिसरात चहा, निलगिरी आणि वॅटलच्या लागवडीने त्यात आणखी खंड पाडले. एका शिखरावरून दुसऱ्याकडे जायचे तर मधली उबदार दरी ओलांडावी लागते. रांगणाऱ्या बेडकाला ते जमणारे नाही.

अनमुडी ज्या एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात आहे, त्याला हा दर्जा १९७८ मध्ये मिळाला, तो प्रामुख्याने निलगिरी ताहरसाठी. त्याचा फायदा बेडकालाही झाला. पण उद्यानाची हद्द कुऱ्हाड अडवते, उष्मा नाही. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार ८,०११ उभयचर प्रजातींपैकी सुमारे ४१ टक्के धोक्यात आहेत. २००४ नंतर ज्या प्रजातींची स्थिती खालावली, त्यांतील ३९ टक्क्यांबाबत मुख्य कारण हवामानबदल होते.

आंबोलीचा भेकही असाच एका छोट्या टापूपुरता उरलेला, अतिसंकटग्रस्त. पश्चिम घाटाच्या संवेदनक्षेत्राचा मसुदा मात्र ३१ जुलै २०२४ रोजी सहाव्यांदा निघाला. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहेत. खाणींवर बंदी घालणारी ही अधिसूचना हवीच. पण शिखरावरच्या जीवांसाठी तेवढ्याने भागणार नाही. वणवे रोखणे, परकी झाडे काढून गवताळ माळ परत आणणे आणि तापमान, ओल व बेडकांचे आवाज यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवणे, ही कामे मसुद्याची वाट न पाहता वनखात्याला आजही करता येतील.